पहिला घोट थुंकणारे साहेब

ते साहेब चक्रम होते, हे मला मान्य आहे. पण तसं म्हणायचा हक्क मी सगळ्यांना देत नाही. ज्यानं त्यांच्याबरोबर केडगावच्या उन्हात पायपीट केली, त्यांची बोलणी खाल्ली, त्यांच्या नळीतलं मोरचुदाचं निळं पाणी अंगावर सांडून घेतलं, त्यानं म्हणावं. आमच्या कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्यांची नक्कल करणाऱ्यांशी माझं तेव्हाही भांडण होतं. त्यातले बरेचसे आता हयात नाहीत. भांडण मात्र आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. केडगाव स्टेशनच्या सायडिंगला डिझेलच्या वाघिणी लागायच्या. तिथून जमिनीखालून एक पाइपलाइन शिरूरच्या रस्त्याच्या अंगानं, शेताशेतातून, भीमेच्या अलीकडे असलेल्या आमच्या टाक्यांपर्यंत जायची. मी त्या कंपनीत सुपरवायझर होतो. जमिनीत पुरलेलं लोखंड गंजतं. डिझेलची लाइन गंजून फुटली तर आधी माती नासते आणि मग पाणी. म्हणून पाइपाला डांबर आणि कापडाचे वेढे देतात. शिवाय मधूनमधून मॅग्नेशियमचे ठोकळे पुरून ते तारेनं पाइपाला जोडतात. मग गंज त्या ठोकळ्यांना खातो आणि पाइप वाचतो. ठोकळे पुरलेत तिथं खूण म्हणून वर सिमेंटचा खुंट उभा करायचा आणि पाइपाला जोडलेल्या तारेचं टोक त्यातून वर काढायचं. कंपनी हे सगळं नीट सांभाळते की नुसतं कागदावर सांभाळते, हे बघायला सरकारी खात्याचा तपासनीस वर्षातून दोनदा यायचा. त्याची सही झाली तरच लाइन चालवायचा परवाना. तो तपासनीस म्हणजे हे साहेब.

पुण्याहून पॅसेंजरनं यायचे. कंपनीची जीप स्टेशनबाहेर उभी असायची, तिच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "लाइन जमिनीखाली आहे, जीपखाली नाही," म्हणायचे आणि चालायला लागायचे. कपडे पांढरेशुभ्र, इस्त्रीचे. त्या कपड्यांनिशी चिखलात गुडघे टेकायचे आणि उठल्यावर डाग बघून माझ्यावरच ओरडायचे, जणू काळी माती मीच त्यांच्यासाठी मुद्दाम काळी केली होती. खांद्याला खाकी कॅनव्हासची पिशवी. तिच्यात मीटर, तारेचं भेंडोळं, छोटी हातोडी, चाकू आणि मोरचुदाचं पाणी भरलेली एक नळी. नळी ओल्या मातीत टेकवायची, तार खुंटाला लावायची, की मीटरचा काटा सांगणार पाइप सुरक्षित आहे की नाही. काटा साडेआठशे मिलिव्होल्टच्या पुढं गेला पाहिजे. अलीकडे राहिला तर साहेब साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "नापास!" शेजारच्या शेतातला औत हाकणारा माणूससुद्धा दचकून उभा राहायचा.

पास मात्र कधी म्हणायचे नाहीत. काटा साडेआठशेच्या पुढं गेला तर नुसतं "हं" करायचे आणि पुढच्या खुंटाकडे चालू पडायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, नापास एवढ्या मोठ्यानं म्हणता, मग पास का म्हणत नाही?"

"पास आज आहे. उद्याचं कोणी सांगितलंय? गंज काय रविवारची सुट्टी घेतो का?"

मीटर लावण्याआधी ते आणखी एक गोष्ट करायचे, आणि तिच्यामुळेच त्यांचं नाव झालं होतं. चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थुंकायचे. खारट माती लोखंडाला लवकर खाते, आणि ते मीटरच्या आधी जिभेला कळतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे माती खाणं म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक असल्यामुळे ऑफिसात विनोदांना तोटा नव्हता. साहेबांच्या कानावर ते गेले असणारच. त्यांना त्याचं काही नव्हतं. स्वतःवरच्या विनोदाकडे लक्ष द्यायला त्यांच्याकडे वेळच नसायचा, कारण जगात लोखंड फार होतं.

खरंच सांगतो, लोखंड दिसलं की त्यांना राहवायचं नाही. केडगाव स्टेशनवर वजनाचं मशीन होतं. त्याचा पाय गंजलाय म्हणून त्यांनी स्टेशनमास्तरांशी भांडण काढलं आणि गाडी चुकवली. चौफुल्याच्या हॉटेलात चहावाल्याची किटली हातोडीनं वाजवून बघितली, कान लावला आणि म्हणाले, "महिनाभर." चहावाला खवळला. किटली महिनाभरात गळायला लागली की नाही ते मला माहीत नाही. पुढच्या खेपेला हॉटेलात नवी किटली होती आणि चहावाला साहेबांकडे पाठ करून उभा होता. माझ्या आत्याच्या घरी एकदा जरा टेकायला म्हणून आले, तर तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेला तळाशी खडू लावून गेले. तिथून गंज चढतोय, म्हणाले. आत्या म्हणाली, "चढू द्या. माज्या आधी न्हाई फुटायची ती."

आत्याविषयी सांगितलंच पाहिजे, कारण साहेबांना जर कोणी बरोबरीचं माणूस भेटलं असेल तर ते तीच. मी मूळचा कवठे येमाईचा. नोकरी लागल्यावर आत्याकडे राहायला आलो. तिचं घर आमच्या बौद्ध वस्तीत, गावाच्या कडेला, लाइनीला लागून. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांनी घागर बुडवायची नाही, हा जुना रिवाज. कायदा काही म्हणो, रिवाज सरकारपेक्षा चिवट असतो. मोठ्या दुष्काळात सगळं गाव सरकारी कामावर दगड फोडत होतं. आमची वस्तीही फोडत होती. पण तिथून परत आल्यावर वस्तीनं आपल्या पट्टीत स्वतःची विहीर खणायला घेतली. आत्यानं पदर खोचून पाट्या उचलल्या. पाणी लागलं तेव्हा ती विहिरीच्या काठावर बसून मोठ्यानं रडली होती, असं म्हणतात. तिच्यासमोर मात्र कोणी म्हणायचं नाही.

ही विहीर आमच्या लाइनीपासून हाकेच्या अंतरावर म्हणणंही चूक, जवळजवळ लाइनीच्या उशालाच होती. साहेब पहिल्यांदा आले आणि विहीर बघून जागच्या जागी थांबले. आत्या पाणी शेंदत होती. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, बोलणं नंतर, ही आमच्याकडची रीत. तिनं लोटा पुढं केला. साहेबांनी आधी वास घेतला, मग एक घोट तोंडात घेतला, खळखळवला आणि पचकन थुंकले.

सगळी वस्ती बघत होती. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. आत्याचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो.

"आमच्या हातचं पानी थुकता व्हय? एवढा इटाळ वाटत हुता तर घेतलं कशापायी? कोन समजता सवताला?"

दुसरा कोणी असता तर गयावया केली असती. साहेब उलट तिच्यावरच डाफरले, "बाई, गिळलं तर चव कळत नाही! या पाण्यात डिझेल उतरलंय का ते बघतोय मी. आज नाही उतरलेलं. पण ही लाइन तुमच्या विहिरीच्या उशाला आहे. ती जोवर माझ्या मनासारखी होत नाही, तोवर हे पाणी तुम्ही प्यायचं आणि मी तपासायचं. मनासारखी झाली की लोटाभर पिईन."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर तुमचं पाणी जाईल आणि माझी नोकरी. बघू आधी काय जातंय."

आत्याला ते पटलं नाही. पुढं दर खेपेला साहेब यायचे, एक घोट घ्यायचे, थुंकायचे आणि त्या दोघांचं भांडण व्हायचं. पण दर खेपेला आत्या लोटा घासून तयार ठेवायची, हे मी बघितलं आहे. विचारलं तर म्हणायची, "भांडायला मानूस तर लागतंय."

लाइन मनासारखी होत नव्हती. काटा दर खेपेला साडेआठशेच्या आसपास लोंबकळायचा. साहेब शेरे मारायचे, ठोकळे बदला, वेढे उकलून बघा. मॅनेजरसाहेब मान डोलवायचे आणि काही करायचे नाहीत. गृहस्थ गोड बोलणारे होते. त्यांचं गणित साधं होतं. ठोकळ्यांना पैसा लागतो, लाइन उकरायची तर ती बंद ठेवावी लागते, आणि सहीला मात्र एक चांगलं जेवण पुरतं. सगळ्या तपासनिसांना पुरलं होतं. हे साहेब डबा घेऊन यायचे. तोही पितळेचा.

मग आणीबाणी आली. भिंतींवर शिस्तीच्या घोषणा रंगल्या. वर मान करून बोलणारी माणसं खाली बघून चालू लागली. मॅनेजरसाहेब खुशीत होते. आता लाइन बंद करण्याची भाषा कोण करतो बघू, म्हणाले. परवान्याची मुदत संपत आली होती. साहेबांनी कळवलं होतं की या खेपेला काटा अलीकडे राहिला तर सही नाही, लाइन बंद.

तपासणीच्या आदल्या दिवशी ठेकेदाराची माणसं पाण्याचा टँकर आणि खडेमिठाची पोती घेऊन लाइनीवरून गेली. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि मला सगळा डाव कळला. खुंटाजवळ, जिथं ठोकळे पुरलेत तिथं, खारं पाणी ओतलं की ठोकळा तेवढ्यापुरता जोरात काम करतो आणि काटा वर जातो. साहेब जाईपर्यंत तो वर राहिला की झालं. पुढं तेच मीठ लोखंडाला खाणार, हे वेगळं. आजारी माणसाला डॉक्टर येण्यापूर्वी दारू पाजून टुणटुणीत बसवण्यातला प्रकार. मी मॅनेजरसाहेबांना तोंडावर सांगितलं की साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ते गोड हसले. म्हणाले, "तुला कोण विचारतंय?"

मला विचारायची वेळ आलीच नाही, हे खरं. ती कामगिरी मेंढरांनी केली.

ठेकेदाराची माणसं बाहेरची. त्यांनी पहिल्या दोनचार खुंटांना मीठ पाण्यात नीट विरघळवलं. मग कंटाळा आला असणार. पुढच्या खुंटांभोवती खडे तसेच पसरले, वरून टँकरचं पाणी शिंपडलं, बोटभर माती लोटली आणि चौफुल्याला निघून गेले. ह्या भागात मेंढरं असतात आणि मेंढराला मिठाचं वेड असतं, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि लाइनीच्या पट्ट्यात पेरायला कंपनीची मनाई असल्यामुळे तो पट्टा म्हणजे मेंढरांचा जाण्यायेण्याचा हमरस्ताच होता.

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. पुढं साहेब, मागं मॅनेजरसाहेब, त्यांच्यामागं थर्मास घेतलेला शिपाई आणि ठेकेदाराची दोनचार माणसं, सर्वांत मागं मी. सुरुवातीच्या खुंटांवर काटा साडेआठशेच्या चांगलाच पुढं गेला. साहेबांनी "हं" सुद्धा केलं नाही. माती चाखली, थुंकले, माझ्याकडे वळून एकदा बघितलं आणि चालू लागले. मॅनेजरसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघितलंस?"

चढण ओलांडली आणि समोर पांढऱ्याकाळ्या मेंढरांचा ढीगच दिसला. म्हणजे खुंट दिसतच नव्हता. सगळी मेंढरं खुंटाकडे तोंड करून, एकमेकांच्या अंगावर चढून जमीन चाटत होती. पुढच्या खुंटावर तोच प्रकार. कळपाचे मालक धनगर आप्पा घोंगडं झटकून, काठी आपटून बेजार झाले होते.

"सायेब, सकाळधरनं हाकतुय. हालायला तयार न्हाईत. ह्या खांबात काय देवबिव आला का काय, कळंना."

साहेब त्या पांढऱ्या कपड्यांनिशी मेंढरांत शिरले. हात-गुडघे टेकून बसले. एका मेंढीच्या तोंडाखालून चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आधी खांदे हलायला लागले, मग ते तिथंच फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आप्पांना वाटलं, साहेबांना ऊन लागलं.

"मॅनेजरसाहेब," साहेब उठून म्हणाले, "स्वयंपाक झकास झालाय. मीठ जरा जास्त पडलंय."

"तो म्हणजे... जमिनीचा गुणधर्म..."

"असेल. आता जिथं एकही मेंढरू नाही तिथं मोजू."

आणि ते तडक आमच्या विहिरीकडे निघाले. तिथं खुंट नव्हता, ठोकळा नव्हता, मीठ नव्हतं. मागच्या खुंटापासून तार सोडत आले, नळी टेकवली. काटा उठला आणि साडेआठशेच्या कितीतरी अलीकडे आडवा झाला. साहेब ओरडले नाहीत. तेवढ्यानंच मला भीती वाटली.

मॅनेजरसाहेबांचा आवाज बदलला. "तपासणी खुंटावर करायची असते. रिवाज आहे."

"गंज काय खुंट बघून लागतो का?"

"आणि ही विहीर लाइनीच्या नंतरची आहे. यांना कोणी सांगितलं होतं आमच्या लाइनीशेजारी खणायला?"

आत्या काठावर उभी होती. ती म्हणाली, "पानी काय तुमच्या लाइनीला इचारून व्हातंय? जिथं लागलं तिथं खनलं. गावातली दिली असती तर कशाला खनली असती?"

साहेबांनी जमिनीवर टाचेनं रेघ ओढली. "इथं खड्डा घ्या. मला पाइप बघायचाय."

ठेकेदाराची माणसं मॅनेजरसाहेबांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मॅनेजरसाहेब आभाळाकडे बघत उभे राहिले. खड्डा कोण घेणार? साहेबांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि चाकूनंच जमीन उकरायला लागले. ते इतकं हास्यास्पद दिसत होतं, की दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीही हसलो असतो. आत्या घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुदळ होती, विहीर खणली तीच.

"सरका सायेब. चाकूनं काय कांदा चिरताय?"

बघता बघता वस्तीतली सगळी कुदळी-खोरी जमली. मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. "तू कंपनीचा माणूस आहेस. थांबव यांना."

मी कंपनीचा माणूस होतो. घरात पहिला पगार मीच आणला होता, आणि त्या पगारावर कवठ्याला चार तोंडं जेवत होती. मला त्या क्षणी कोणताही उदात्त विचार सुचला नाही. एवढंच आठवलं, की त्यांनी काल विचारलं होतं, तुला कोण विचारतंय. मी पायताण काढलं आणि खोरं घेऊन खड्ड्यात उतरलो.

पाइप लागला तेव्हा डांबराचे वेढे सालपटासारखे हातात आले. खाली लोखंडाला देवीचे व्रण असावेत तसे खळगे. साहेब खड्ड्यात पालथे पडले, हातोडीनं हळू हळू वाजवत, कान लावत पुढं सरकत गेले. एका जागी थांबले. चाकूच्या टोकानं तिथला गंजाचा पापुद्रा उचलला. खाली एक थेंब उभा राहिला. एवढासा. तो त्यांनी बोटावर घेतला, जिभेला लावला, थुंकले. आणि मग पार शिरूरपर्यंत जाईल असा आवाज काढला.

"नापास!"

त्याच दिवशी त्यांनी सायडिंगवरचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्या चाकाला तार गुंडाळली आणि तारेच्या गाठीवर शिशाची गोळी ठेवून खात्याच्या चिमट्यानं सील दाबलं. पुण्याला परत गेले नाहीत. आप्पांनी दिलेलं घोंगडं अंथरून व्हॉल्व्हशेजारीच मुक्काम टाकला. म्हणाले, "माझ्या पाठीमागं हे सील वाऱ्यानंसुद्धा तुटेल."

वारा जीपमधून आला. साहेबांच्या वरचे साहेब, चष्मेवाले, गोरेपान, मॅनेजरसाहेबांच्या शेजारी बसून थेट खड्ड्यापाशी उतरले. साहेबांना तिथं बोलावून घेतलं. सगळी वस्ती गोळा झालीच होती. वरच्या साहेबांनी खड्ड्यात नजर टाकली आणि म्हणाले, "एवढ्याशा भोकासाठी? वरून लोखंडी पट्टा आवळा आणि लाइन सोडा. दिवस काय आहेत, कळतं का तुम्हाला?"

"एका जागी उकरलं तर एक भोक सापडलं. उरलेल्या लाइनीत किती आहेत ते तुम्ही सांगा, मी पट्टे मोजून देतो."

"मी तुम्हाला कुठं पाठवू शकतो, माहीत आहे?"

"जिथं लोखंड असेल तिथं पाठवा."

असं त्या दिवसांत वरिष्ठाला कोणी बोलत नव्हतं. लाजायचं कशाला, माझी छाती फुगली. तेवढ्यात आत्या पुढं झाली. भांडण असो, काही असो, उन्हातून पाहुणे आले होते. तिच्या हातात घासलेला लोटा. आधी साहेबांपुढं धरला. साहेबांनी नेहमीप्रमाणे एक घोट घेतला, खळखळवला आणि थुंकले.

मॅनेजरसाहेबांना तेवढंच पुरलं. ते वस्तीकडे वळून म्हणाले, "बघा, ज्यांच्या नादी लागलाय ते तुमचं पाणी थुंकतात."

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ह्ये सायेब थुकत्यात, खरं हाय. पन् तोंडात तरी घेत्यात. तुमी इतकी वरसं ह्या वाटंनं येताय, कवा घेतलं? घ्या की आज."

लोटा पुढं होता. मॅनेजरसाहेबांचा घसा बरा नव्हता. वरच्या साहेबांचा नुकताच चहा झाला होता. त्यांना डिझेलचं भय वाटत नव्हतं. त्यांच्या मते तर लाइन ठणठणीत होती. कशाचं वाटत होतं ते आम्हा सगळ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. साहेबांना मात्र ते तिथं, त्या क्षणी कळलं असावं. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि पहिल्या दिवशी आत्या का भडकली होती तेही कदाचित त्यांना तेव्हाच उमगलं. त्यांनी पिशवीतून सिलाचा चिमटा काढला आणि लोट्याशेजारी धरला.

"साहेब, लाइन चांगली आहे ना? मग हे पाणी प्या. नाही प्यायचं तर हा चिमटा घ्या, सायडिंगवर चला आणि माझं सील तुमच्या हातानं तोडा. या सगळ्या माणसांसमोर. मी नाही तोडणार."

एका बाजूला लोटा, एका बाजूला चिमटा. वरच्या साहेबांनी चष्मा पुसला. त्यांनी लोटाही घेतला नाही आणि चिमटाही घेतला नाही. जीपमध्ये बसले आणि गेले. सील तोडायला हिंमत लागते, आणि ती वरून येत नाही.

कंपनीनं विहिरीच्या अंगाची सगळी लाइन उकरली. आणखी भोकं निघाली, ती कोणाला दाखवली नाहीत. पण खोरं वस्तीतल्याच माणसांच्या हातात होतं, त्यामुळे दाखवायची गरजही नव्हती. नवा पाइप आला, नवे वेढे, नवे ठोकळे. आत्याच्या आग्रहावरून विहिरीशेजारीही एक खुंट उभा राहिला. मला बेशिस्तीबद्दल कामावरून काढलं. मी कोर्टात गेलो, भांडलो आणि त्याच खुर्चीवर परत येऊन बसलो. वेळ लागला, पण बसलो. आणि साहेबांची बदली झाली. आसामकडे कुठंतरी. लोखंड तिथंही होतंच.

जाण्यापूर्वी ते एकदा आले. आता ही लाइन त्यांच्या अखत्यारीत नव्हती, नवा तपासनीस नेमला होता. मीही तेव्हा कामावर नव्हतो. तरी ते पॅसेंजरनं आले, स्टेशनवर मला बोलावून घेतलं आणि चालायला लागले. विहिरीशेजारच्या खुंटाला तार लावली, माती चाखली, नळी टेकवली. काटा साडेआठशेच्या पुढं गेला आणि तिथं स्थिर उभा राहिला. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "हं."

आत्या लोटा घेऊन उभीच होती. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला, घोट खळखळवला आणि सवयीनं थुंकले. वस्ती खदाखदा हसली. त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले.

"ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. "त्यो सरकारचा घोट हुता. आता तुमचा घ्या."

साहेबांनी लोटा वर केला आणि एका दमात संपवला. पाणी हनुवटीवरून त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडत होतं, आणि या खेपेला ते कोणावर ओरडले नाहीत. रिकामा लोटा त्यांनी आत्याच्या हातात दिला. तिनं तो उपडा करून बघितला. एक थेंबही पडला नाही. मग तिनं मान वर केली आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पास!"

साहेब म्हणाले, "हं."